ज्याचे रक्त त्यालाच

‘रक्ताचे नाते’ हा शब्द दिवाळीत भाऊबीजेच्या निमित्ताने घरोघरी ऐकू येतो. पण या नात्याची कसोटी पाहणारे रक्त १९५२ साली आपल्या मुंबईतच सापडले, हे किती जणांना ठाऊक असेल?

डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी यांना काही माणसांचे रक्त कोणत्याच गटाशी जुळेना. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते अशी समजूत. पण या लोकांना तेही घातक. ए आणि बी ही चिन्हे ‘एच’ नावाच्या ज्या पदार्थावर उभी राहतात, तो पायाच त्यांच्या रक्तात नव्हता. ‘लॅन्सेट’मध्ये ही हकीकत छापून आली आणि ‘बॉम्बे रक्तगट’ हे नाव जगभर गेले. भारतात दहा हजारांत सुमारे एक माणूस या गटाचा. त्याला सहसा आईचेही रक्त चालत नाही. सख्ख्या भावंडाचे जुळण्याची आशा चारांत एक!

अशा माणसावर शस्त्रक्रिया करताना रक्त आणायचे कोठून? उत्तर त्याच्याच देहात आहे, आणि ते बरेच जुने आहे. एडिंबरोच्या जॉन डंकन यांनी आगगाडीच्या अपघातात पाय चिरडलेल्या रोग्याचे रक्त भांड्यात धरले, गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट मिसळले आणि त्याच्याच शिरेत परत सोडले. रोगी वाचला. १८८६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले, तेव्हा रक्तगट कुणाला माहीतच नव्हते. लँडस्टायनर यांचा शोध १९०१ चा. परक्याचे रक्त भरणे हा तेव्हा निव्वळ जुगार! १९१४ मध्ये जर्मनीत योहानेस थीस यांनी गर्भनलिका फुटून पोटात साचलेले रक्त त्याच स्त्रियांना परत दिले. पुढे रक्तपेढ्या झाल्या आणि ही युक्ती मागे पडली. कोठार भरले की सांडलेले दाणे कोण वेचतो?

आता ते काम यंत्र करते. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात, तसाच काहीसा हा प्रकार. जखमेतले रक्त नळीने ओढायचे, न गोठण्याचे औषध घालून गाळायचे, गरगर फिरवून तांबड्या पेशी वेगळ्या करायच्या, मिठाच्या पाण्याने धुवायच्या. पाणी मात्र पिंपरी-चिंचवडला जाते. हे रक्त त्याच खाटेवर परतते. रक्त गोठवणारे घटक धुण्यात निघून जातात, तेवढी त्यात उणीव. आतड्यातली घाण मिसळली असेल, तर ते रक्त शक्यतो वापरत नाहीत.

शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल, तर रोग्याचेच रक्त काही आठवडे अगोदर काढून थंड पेटीत ठेवता येते. अपघातात तेवढी सवड कुठली? तेथे नळीतून येईल तेच पदरात पाडून घ्यायचे.