स्टेडियम शहरात असलं की आजूबाजूच्या रस्त्यांचं काय होतं?

भंडाऱ्यापासून साधारण ६० किलोमीटरवरच्या नागपुरात दोन्ही प्रकार दिसतात. २००६ पर्यंत कसोटी सामने शहरातल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर व्हायचे. २००८ पासून ते शहराबाहेर, वर्धा रोडवरच्या जामठ्यात होतात.

शहरातल्या मैदानातून प्रेक्षक पायी बाहेर पडतो. चहाटपरी, नाश्त्याचे ठेले, ऑटोवाले यांचा धंदा होतो. शेजाऱ्यांच्या वाट्याला मात्र बंद रस्ते आणि दारापुढच्या गाड्या येतात. जामठ्याला प्रेक्षक गाडीने जातो, गाडीनेच परततो. कोंडी संपत नाही, फक्त हायवेवर जाते.

मोठे सामने वर्षातून मोजकेच. म्हणून भंडाऱ्यासारख्या शहरात खरा प्रश्न वेगळा आहे: मैदानाचं फाटक रोज उघडं असतं का? सकाळी फिरणारे आणि पोलीस भरतीची तयारी करणारे रोज आले, तर बाहेरची टपरीही रोज चालते.