विवाहमंडपांतील कागदी तोरणें व पताका

विवाहमंडपांत टांगल्या जाणाऱ्या कागदी पताका व तोरणें हा विषय संशोधकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. चार दिवसांत फाटून उकिरड्यावर जाणाऱ्या वस्तूचा इतिहास तो काय असणार! परंतु जुन्या कागदपत्रांच्या संग्राहकांशीं या वस्तूचा निकटचा संबंध पोंचतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. अमरकोशांत तोरण याचा अर्थ बहिर्द्वार असा दिला आहे. सांचीच्या स्तूपाभोंवतालचीं दगडी तोरणें याच अर्थाचीं होत. आज मराठींत तोरण म्हटलें कीं, दोरींत ओंवलेलीं आंब्याचीं पानें व झेंडूचीं फुलें डोळ्यांपुढें येतात. म्हणजे द्वाराचें नांव द्वाराच्या अलंकाराकडे गेलें. पताका मात्र आपल्या मूळ अर्थास धरून राहिली. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गांत पार्वतीच्या विवाहासाठीं शृंगारलेल्या नगराचें वर्णन आहे. तेथें पताकांच्या ओळी चीनांशुकाच्या व तोरणें सुवर्णाचीं आहेत. सारांश, टांगत्या शोभेची कल्पना प्राचीन. कागद हें तिचें साधन अर्वाचीन.

कागद हा शब्दच मुळीं फारसींतून आलेला. दौलताबादेनजीकच्या कागजीपुऱ्याची परंपरा, महंमद तुघलकानें १३२७ च्या सुमारास तेथें राजधानी नेली त्या काळाशीं जोडली जाते. पुण्याच्या कसबा पेठेंतील कागदीपुरा हीहि त्याच धंद्याची खूण होय. लगदा कुटावा, ताव उचलून वाळवावा, त्यास खळ द्यावी आणि मग गुळगुळीत दगडानें घोटावा, एवढ्या श्रमानें सिद्ध झालेला कोरा ताव शोभेसाठीं कातरणें सामान्य गृहस्थास परवडलें नसावें, असें माझें अनुमान आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत गिरणीचा कागद स्वस्त झाला, आणि पतंगी व घोटीव कागदाच्या पताका घरोघर होऊं लागल्या. गिरणीच्या चकचकीत कागदासहि आपण ‘घोटीव’ म्हणतों, ही जुन्या कारागिरीची शब्दांत उरलेली आठवण होय.

आतां मुद्द्याची गोष्ट. पतंगी कागद पातळ; वाऱ्यानें फाटूं नये म्हणून त्यास मागून जाड कागदाचें अस्तर लावीत. घरांत जाड कागद कोणता? माळ्यावरील रुमालांत बांधलेला!

मला एका जुन्या घराच्या माळ्यावर अशा पताकांची एक माळ मिळाली. तांबडा रंग विटला होता. पाठीमागें मोडी अक्षरें दिसत होतीं. एका तुकड्यावर ‘शके’ एवढें स्पष्ट वाचलें. पुढील आंकडा खळीखालीं दडला होता. उतावळेपणानें मीं तो तुकडा पाण्यांत भिजविला. जुनी शाई काजळ व डिंक यांची; डिंक विरघळला आणि काजळ वाहून गेलें. रंगीत कागद सुटला, पण आंकडा गेला. चाळीस वर्षें मुलांच्या चुका दुरुस्त केल्या; ही स्वतःची चूक दुरुस्त होण्याजोगी नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति आहे. अशी माळ हातीं आल्यास ती भिजवूं नये, दोरीवरून तुकडेहि सोडवूं नयेत. एक ताव घडी घालून कातरला असतां त्याचे तुकडे बहुधा लागोपाठच दोरीवर चढतात. तो क्रम राखला तर फुटलेल्या ओळी पुन्हां जुळण्याची आशा असते. दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्यावींत, आणि माळ कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं, कोणाच्या लग्नांतील म्हणून मिळाली, हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें.

माझ्या माळेचे उरलेले सोळा तुकडे तसेच दोरीवर ठेविले आहेत. त्यांना पाणी लागलेलें नाहीं.