पॅकेज अवलंबित्व (लिनक्स)

लिनक्स वितरणातील एखादे सॉफ्टवेअर पॅकेज चालण्यासाठी दुसऱ्या पॅकेजची जी गरज असते, तिला पॅकेज अवलंबित्व म्हणतात. ही गरज पॅकेजच्या माहितीत नोंदवलेली असते. डेबियनमध्ये पॅकेज प्रत्यक्ष स्थापित करण्याचे काम डीपीकेजी करते. अवलंबित्वे शोधून आवश्यक पॅकेजे उतरवून घेण्याचे काम एपीटी करते. एपीटीचा समावेश डेबियन २.१ (१९९९) पासून आहे.

खगोलशास्त्रातील उदाहरण

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. तिची निरीक्षणे फिट्स स्वरूपात रूपांतरित करून बहुधा कासा किंवा एआयपीएस या प्रणालींत अभ्यासली जातात. कासाचा पाया असलेली कासाकोर ही मुक्त लायब्ररी डेबियनमध्ये एका पॅकेजऐवजी परस्परसंबंधित पॅकेजांच्या गटात मिळते. तिचा फिट्स विभाग सीफिट्सआयओवर, आकाशातील स्थाननिर्देशांकांचा विभाग डब्ल्यूसीएसलिबवर आणि गणिती विभाग एफएफटीडब्ल्यूवर विसंबतो. हे सर्व विभाग पुन्हा कासाकोरच्याच मूळ विभागावर उभे असतात. विभागणीमुळे केवळ तक्ते वाचणाऱ्या प्रोग्रामला प्रतिमा हाताळणारी पॅकेजे घ्यावी लागत नाहीत.

आवृत्त्यांचा मेळ

लायब्ररीच्या अंतर्गत रचनेत विसंगत बदल झाल्यास जुने प्रोग्राम बंद पडू शकतात. म्हणून डेबियन लायब्ररी पॅकेजच्या नावातच एक क्रमांक ठेवते. असा बदल झाल्यावर क्रमांक बदलतो, नवे पॅकेज जुन्याशेजारी राहू शकते आणि तिच्यावर विसंबणारे प्रोग्राम पुन्हा बांधले जातात. प्रोग्राम बांधण्यासाठी लागणारे विकास-पॅकेज मात्र सहसा लायब्ररीच्या नेमक्या त्याच आवृत्तीशी जोडलेले असते.

पर्यायी पद्धत

कासा आपल्याला लागणारी पायथन व इतर लायब्ररी सोबत बांधूनही वितरित केली जाते. त्यामुळे वितरणातील बदलांचा तिच्यावर कमी परिणाम होतो. मात्र जागा अधिक लागते आणि एखाद्या लायब्ररीतील सुरक्षादोषाची दुरुस्ती तिच्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. दोन्ही पद्धतींत वापरलेल्या आवृत्त्यांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते; तिच्याअभावी जुन्या निरीक्षणाचे विश्लेषण काही वर्षांनी तसेच पुन्हा करून पडताळणे कठीण होते.