गोर आणि कोर : तांड्याचा इतिहास कुणाच्या तोंडून?

आजचा विषय बंजारा समाजाचा वारसा. यवतमाळ जिल्ह्यात या विषयावर बोलायचं तर एक अडचण आहे. प्रत्येकाला वाटतं, यातलं आपल्याला सगळं माहीतच आहे. पुसद, दिग्रस, आर्णी, दारव्हा, महागाव, कुठेही जा, तांडा आहेच. फेटिया, कांचळी, आरसे आणि कवड्या लावलेली टुकरी आपण बाजाराच्या दिवशी पाहत आलो. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांची जयंती होते, १ जुलैला कृषी दिन होतो, वसंतराव नाईकांच्या तसबिरीला हार घातला जातो. पोशाख, नाच आणि एक मोठा माणूस. आपला गौरव साधारण इथे संपतो.

हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण यात एक गोष्ट सुटते, आणि तीच सगळ्यांत नाजूक आहे. या समाजाने स्वतःविषयी जे जे सांगून ठेवलं, ते त्याच्या बोलीत सांगून ठेवलं आहे. ती बोली ऐकणारे कान कमी होत चालले आहेत.

सुरुवात दोन शब्दांपासून करू. बंजारा माणूस स्वतःला ‘गोर’ म्हणतो. जो गोर नाही तो ‘कोर’. त्या हिशेबाने मी कोर आहे, आणि आज इथे बसलेले निम्मे तरी कोर असतील. आता बाकीची नावं बघा : बंजारा, लमाण, लभाण, लंबाडी, सुगाळी. ही बहुतेक बाहेरच्यांनी दिलेली. लमाण हा शब्द लवण, म्हणजे मिठावरून आला असं सांगितलं जातं. म्हणजे मीठ वाहणारा तो लमाण. दुसऱ्याने ठेवलेलं नाव बहुधा आपला त्याला उपयोग काय ते सांगतं. आपण स्वतःला दिलेलं नाव आपलं नातं कुणाशी आहे ते सांगतं. नावांमधला हा फरक इतिहासलेखनातही जसाच्या तसा उतरलेला आहे.

लिखित इतिहासात बंजारा कुठे भेटतो? सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानभर फिरला. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे वाटेत भेटले, असं तो लिहितो. कुणी धान्य वाहतो, कुणी तांदूळ, कुणी डाळ, कुणी मीठ, अशी विभागणीही नोंदवतो. पुढे १८०३ साली आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला, अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला. त्याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या फौजेचं पोट बंजाऱ्यांच्या बैलांवर अवलंबून होतं. त्यानंतर १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि ठिकठिकाणी हाच बंजारा पोलिसांच्या नोंदवहीत दाखल झाला.

प्रवासी, सेनापती आणि पोलीस. तिघांनीही लिहिलं, पण प्रश्न आपापले विचारले. एकाला नवल वाटलं, दुसऱ्याला रसद हवी होती, तिसऱ्याला संशय होता. ज्या माणसाविषयी लिहिलं जात होतं, त्याला काय वाटलं हा प्रश्न कुणाच्याच कागदावर नाही. तत्त्वज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असू, की पुरावा नुसता पडलेला नसतो, तो प्रश्नाला उत्तर म्हणून मिळतो. प्रश्न बदलला की पुरावाही बदलतो.

मग आपण प्रश्न बदलून बघू. हजारो बैल, शेकडो कुटुंबं, महिनोन्‌महिने वाटेवर. पाणी कुठे मिळेल, चारा कुठे, कोणत्या घाटातून उतरायचं, कुणाच्या हद्दीत जकात किती? कुटुंबांत भांडण झालं तर न्याय कुठे मागायचा? गावातल्या माणसाला पाटील होता, चावडी होती. वाटेवरच्या माणसाला यातलं काहीच नव्हतं, म्हणून तांड्याने आपली व्यवस्था सोबत वाहिली. नायक, कारभारी, हसाबी, नसाबी ही त्यातली पदं. ‘नसाब’ म्हणजे तांड्याची न्यायसभा. लदेणी, म्हणजे बैलांवर माल लादून करायचा व्यापार, या व्यवस्थेवर चालत असे. आज आपण ज्याला भटकेपणा म्हणतो, तो खरं तर एक शिस्तबद्ध उद्योग होता. एवढा माल इतक्या लांब वेळेवर पोचवणं हे हिशेब, नकाशा आणि विश्वास यांशिवाय होत नाही. नकाशा कागदावर नव्हता, तो डोक्यात होता इतकंच.

तो उद्योग मोडला कशाने? वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. आपल्या मुर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतले’चं आपल्याला मोठं कौतुक. कापूस तिने वाहिला, खरं आहे. पण जिथे जिथे रूळ पडले तिथे तिथे बैलाच्या पाठीवरचं ओझं उतरलं आणि ओझ्याबरोबर रोजगारही उतरला. मिठावर सरकारी नियंत्रण आलं तेव्हा दुसरा पाय तुटला. हातचं काम गेलेल्या, पण फिरणं न थांबलेल्या माणसाकडे नवं राज्य संशयाने बघू लागलं. आधी धंदा गेला आणि मग बदनामी आली, हा क्रम लक्षात ठेवा. आपण तो बरेचदा उलटा सांगतो. तो कायदा रद्द व्हायला १९५२ चा ऑगस्ट उजाडावा लागला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन.

वाटेवरचे तांडे मग थांबले. डोंगराच्या उतारावर, गावाच्या शिवेवर, जी जमीन मिळाली तिथे. ही सगळी उलथापालथ एकाच घरात बघायची असेल तर पुसदजवळच्या गहुलीला बघा. चतुरसिंग नाईकांनी ते गाव वसवलं. त्यांचा मुलगा फुलसिंग आणि फुलसिंगांचा मुलगा वसंतराव, जन्म १ जुलै १९१३. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण, मग वकिली, १९४१ मध्ये वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह, १९४६ मध्ये पुसदचं नगराध्यक्षपद. ५ डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळातली. संकरित ज्वारी, कापूस एकाधिकार खरेदी, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं याच काळातली. त्याच घरातले सुधाकरराव १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी जलसंधारणाचा विषय लावून धरला.

आपण हे अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण त्यातला अर्थ नीट बघितला पाहिजे. आजोबांच्या पिढीने गाव वसवलं आणि नातू राज्याच्या शेतीचं धोरण ठरवू लागला. ‘शेतीत नवखा समाज’ असं ज्यांच्याविषयी म्हटलं जाई, त्यांच्यातला माणूस राज्याला शेती शिकवतो, याचं कारण काय? माझी समजूत अशी की धान्याचं मोल त्या परंपरेला शेतकऱ्यापेक्षा वेगळ्या बाजूने कळलेलं होतं. कुठे पिकतं, कुठे तुटवडा आहे, एका ठिकाणचं धान्य दुसऱ्या ठिकाणी किती दिवसांत पोचलं पाहिजे, हा लदेणीचा रोजचा विचार होता. दुष्काळात राज्यकर्त्याला तोच विचार करावा लागतो. हे मी सिद्ध करू शकत नाही. पण एखाद्या माणसाला ‘समाजाचं भूषण’ म्हणायचं आणि त्या समाजाने त्याला काय दिलं हे विचारायचंच नाही, हा कसला सन्मान?

आता त्या सांगून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. होळीला लेंगी म्हणतात. श्रावणात मुली टोपलीत गहू पेरून तीज वाढवतात. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ‘ढावलो’ म्हणते. ऐकणाऱ्या कोराला ते नुसतं रडणं वाटतं. पण त्या रडण्याला शब्द असतात, चाल असते, ते म्हाताऱ्या बायांकडून आधी शिकावं लागतं. त्यात ती बापाच्या घराचं, तांड्याचं भलं मागते. तांड्याच्या प्रार्थनेत तर गोरांबरोबर कोरांचंही भलं मागतात, किडा-मुंगीचंही मागतात. ज्यांना आपण शिवेबाहेर बसवलं त्यांच्या प्रार्थनेत आपण आहोत. ही नीतिशास्त्राची गोष्ट आहे, आणि ती कुठल्याही ग्रंथालयात नाही, याडीच्या तोंडात आहे. याडी म्हणजे आई.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चांगली गोष्ट झाली. संग्रहालयात कांचळी टिकते, नगारा टिकतो. ढावलो काचेच्या पेटीत टिकत नाही. तो म्हणणारी पाहिजे आणि कळणारी पाहिजे. पोरं ऊसतोडीला आई-बापाबरोबर जातात किंवा पुण्या-मुंबईत वाढतात. शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, नोकरीसाठी इंग्रजी. गोरबोली राहते ती आजीशी बोलायला. आजी गेली की?

इथे एक तुलना करतो. अमेरिकेत मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा वेगवेगळ्या मुळांचे स्पॅनिश वारशाचे लोक आहेत. त्यांच्या वारशासाठी १९६८ मध्ये एक आठवडा ठरला, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. मधे १९८० च्या जनगणनेत या मुळाविषयीचा प्रश्न पहिल्यांदा सगळ्या नागरिकांना विचारला गेला. नाच-गाण्याच्या जोडीला मोजणी आली, आणि मोजणी झाली की मागणीला वजन येतं. आपल्याकडे काय झालं? २०११ च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे मिळून सुमारे ४८ लाख लोक आहेत, आणि ते सगळे हिंदीच्या सदराखाली मांडलेले आहेत. घटनेच्या आठव्या अनुसूचीत ही भाषा नाही. माणसांचीही तीच गत. पैनगंगेच्या अलीकडे, आपल्या जिल्ह्यात, बंजारा विमुक्त जातींत. पलीकडे आदिलाबादला अनुसूचित जमातीत. कर्नाटकात अनुसूचित जातीत. बोली तीच, तांडा तोच, मामाची मुलगी नदीपलीकडे दिलेली, आणि सरकारी कागदावर तीन वेगळी माणसं. आरक्षणाचा वाद मी इथे सोडवत नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणतो, की ज्यांना एका नावाने मोजलंच नाही त्यांचा इतिहास एका जागी लिहिला जाणं अवघड.

म्हणून शेवटी दोन कामं सांगतो, दोन्ही आपल्या हातातली आहेत. इथे जे गोर तरुण आहेत, त्यांच्या खिशात मोबाइल आहे. या दिवाळीत तांड्यावर जाल तेव्हा आजीसमोर तो ठेवा आणि ढावलो म्हणायला सांगा. शब्द कळला नाही तर तिथल्या तिथे विचारा आणि लिहून घ्या. आणि येत्या जनगणनेत प्रगणक दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात मराठी किंवा हिंदी सांगून मोकळे होऊ नका. घरात जी बोलता तिचंच नाव सांगा, आणि त्याने तेच लिहिलं ना ते बघा.

आम्हा कोरांसाठीही एक काम आहे. तांड्यावर गेल्यावर फोटो काढण्याआधी थोडा वेळ बसा आणि ऐका. त्यांच्या प्रार्थनेत आपलं नाव आहे, आपल्याला त्यांची निदान चार वाक्यं कळावीत.