अज्ञान बालकाचे अपिलातील प्रतिनिधित्व

वयाची १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस कायद्याच्या परिभाषेत अज्ञान म्हणतात. अज्ञानास स्वतः दावा चालविता येत नाही वा वकीलपत्र देता येत नाही. त्याच्या नावाने, परंतु दुसऱ्या सज्ञान व्यक्तीमार्फत तो चालवावा लागतो. अज्ञान वादी असल्यास या व्यक्तीस वादमित्र आणि प्रतिवादी असल्यास वादपालक अशी संज्ञा आहे. वादमित्र आपण होऊन पुढे येतो, तर वादपालकाची नेमणूक न्यायालय करते. वकील हा या दोहोंहून वेगळा होय. तो सामान्यतः त्यांच्या सूचनेप्रमाणे बालकाची बाजू मांडतो. मात्र काही प्रसंगी न्यायालय वा विधी सेवा संस्था त्याची नेमणूक करते. खालच्या न्यायालयातील हे प्रतिनिधित्व अपिलातही अखंड व निःपक्ष राहते की नाही, यावर बालकाचा हक्क पुष्कळदा अवलंबून असतो.

ऐतिहासिक विकास : बालकाच्या वारसाहक्काच्या मालमत्तेचे रक्षण राजाने करावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. मराठेशाहीत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालत व निर्णयाचा महजर होई. तेथे व्यक्तीपेक्षा घराण्याचा हक्क हाच मुख्य विषय असे. बालकाला वादात स्वतंत्र पक्षकार मानून त्याच्यासाठी प्रतिनिधी नेमण्याची आजची पद्धत इंग्रजी न्यायव्यवस्थेतून आली. मुंबई इलाख्यासाठी १८६४ मध्ये अज्ञानांचा अधिनियम झाला. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत अज्ञानांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र प्रकरण होते आणि १९०८ च्या संहितेत बत्तिसावा आदेश हा सर्वस्वी या विषयाला वाहिलेला आहे.

प्रिव्ही कौन्सिलच्या दोन निर्णयांनी या तत्त्वाच्या मर्यादा आखून दिल्या. वलियन वि. बांके बिहारी प्रसाद सिंह (१९०३) या प्रकरणात, अज्ञानाची बाजू वस्तुतः मांडली गेली असेल, तर नेमणुकीतील केवळ औपचारिक उणिवेमुळे निर्णय रद्द होत नाही, असे ठरले. खैराजमल वि. दाइम (१९०४) हे प्रकरण सिंधमधील, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यातील होते. ज्या वारसांचे योग्य प्रतिनिधित्व झालेच नाही, त्यांच्यावर हुकूमनामा व त्याखालील विक्री बंधनकारक नाही, असा निर्वाळा त्यात देण्यात आला. तात्पर्य, कागदावरील नावापेक्षा प्रत्यक्ष बचाव महत्त्वाचा ठरला.

अपिलातील स्थिती : दाव्यापुरता नेमलेला वादपालक अपिलातही बालकाचा प्रतिनिधी असतो काय, या प्रश्नाचे उत्तर १९३७ च्या दुरुस्तीने दिले. निवृत्ती, पदच्युती वा मृत्यू यांमुळे नेमणूक संपली नसल्यास वादपालक अपील, पुनरीक्षण व हुकूमनाम्याची अंमलबजावणी यांतही पालक म्हणून राहतो. ज्याचे हितसंबंध अज्ञानाच्या विरुद्ध आहेत, अशा व्यक्तीस नेमता येत नाही. नेमावयाच्या व्यक्तीची संमतीही लागते. योग्य व राजी असा कोणी न मिळाल्यास न्यायालय आपल्या अधिकाऱ्यास नेमू शकते व खर्चाविषयी आदेश देते. न्यायालयाच्या परवानगीशिवाय पालकाला अज्ञानाच्या वतीने तडजोड करता येत नाही. पालकाच्या विरोधी हितसंबंधामुळे अज्ञानाचे प्रत्यक्ष नुकसान झाले असेल, तर ते हुकूमनामा रद्द करण्याचे कारण ठरते, अशी तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने केली.

तथापि एक मोठी अडचण शिल्लक राहते. १९६३ च्या मुदत अधिनियमातील सहाव्या कलमान्वये अज्ञानास सज्ञान झाल्यानंतर दावा लावण्यासाठी वाढीव मुदत मिळते. ही सवलत दावा व हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज यांपुरती आहे. अपिलाला ती लागू नाही. हुकूमनाम्याविरुद्ध अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात ३० व उच्च न्यायालयात ९० दिवसांची आहे आणि ती बालकाच्या बाबतीतही चालूच राहते. उशीर माफ करण्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि ते दाखविणाराही पालक वा वकीलच असतो. त्यामुळे पालकाच्या निष्काळजीपणाची झळ दाव्यापेक्षा अपिलात बालकास अधिक लागते.

औद्योगिक पट्ट्यातील स्वरूप : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरात हा प्रश्न मुख्यतः जमीन आणि अपघात यांच्या संदर्भात उद्भवतो. पिंपरीस १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि पुढे खेड तालुक्यातील चाकण येथे शेतजमिनींचे मोठ्या प्रमाणावर संपादन झाले. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हिस्सा असतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने व देशभर २००५ पासून मुलीलाही तो मिळाला. सातबारा उताऱ्यावर अशा बालकाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही अक्षरे व पालनकर्त्याचे नाव येते. नुकसानभरपाईची रक्कम वाढवून मागताना पालनकर्ता व बालक यांचे हित एकच असते. पण त्याच रकमेची वाटणी करताना चुलता व पुतण्या परस्परविरोधी पक्ष होतात. १८९४ च्या भूमिसंपादन अधिनियमाने संपादनाच्या कार्यवाहीसही बत्तिसाव्या आदेशाचे नियम लागू केले होते, ते याच कारणाने.

कारखान्यातील वा पुणे-नाशिक रस्त्यावरील अपघातात कामगार मरण पावल्यास त्याची मुले भरपाईच्या दाव्यात अर्जदार असतात. मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या निवाड्याविरुद्ध विमा कंपनीने उच्च न्यायालयात अपील केले, तर ती प्रतिवादी होतात. मृताची पत्नी व त्याचे आईवडील यांच्यात वाट्यांवरून मतभेद असल्यास बालकासाठी वेगळा वकील आवश्यक ठरतो. पुणे जिल्ह्यातील अशी अपिले मुंबईस चालतात. कामगाराचे कुटुंब दरम्यान मूळ गावी परतले असल्यास नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्याच्याच अनुपस्थितीत सुनावणी होण्याचा धोका संभवतो. १९२३ च्या कामगार भरपाई अधिनियमाने अज्ञानाचा वाटा आयुक्ताकडे भरण्याची व त्याच्या हितासाठी गुंतविण्याची व्यवस्था केली. परंतु तीमुळे अपिलातील वकिलाची गरज संपत नाही.

मालमत्तेकडून व्यक्तीकडे : बालन्यायालयात वकील असू नये, असा विचार आरंभी प्रभावी होता. संघराज्य क्षेत्रांसाठीच्या १९६० च्या बाल अधिनियमात विशेष परवानगीखेरीज वकिलास मज्जाव होता. बालकाच्या हितासाठीच बसलेल्या न्यायाधीशापुढे वादविवादाचे कारण नाही, ही त्यामागील भूमिका. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट प्रकरणात (१९६७) तिला छेद दिला व स्वातंत्र्य गमावण्याचा संभव असलेल्या बालकास वकिलाचा हक्क मान्य केला. भारतात १९७६ मध्ये संविधानात ३९ अ हा अनुच्छेद समाविष्ट होऊन मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. मुंबईहून आलेल्या हॉस्कॉट प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने कैद्यास निकालाची प्रत व अपिलासाठी वकील मिळणे हा एकविसाव्या अनुच्छेदाचा भाग मानला. ते प्रकरण प्रौढाचे होते. पण वकिलाविना अपिलाचा हक्क पोकळ ठरतो, हे त्यातील सूत्र बालकास अधिकच लागू पडते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये तुरुंगातील मुलांविषयी आदेश निघाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने (अंमल १९९५ पासून) उत्पन्नाची अट न घालता प्रत्येक बालकास मोफत वकिलाचा हक्क दिला.

महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांच्या १९८८ च्या नियमांनी वादाची झळ पोहोचणाऱ्या बालकासाठी स्वतंत्र वकील नेमण्याचा अधिकार न्यायालयास दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या (१९८९) बाराव्या अनुच्छेदात बालकाचे म्हणणे प्रत्यक्ष वा प्रतिनिधीमार्फत ऐकून घेण्याचे तत्त्व आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमाच्या (२०१२) चाळिसाव्या कलमाने पीडित बालकाच्या कुटुंबास वकील देण्याचा हक्क मान्य केला आणि ऐपत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणावर ती जबाबदारी टाकली. अशा खटल्यांत बालकाच्या बाजूस नोटीस देऊन कार्यवाहीत भाग घेऊ द्यावा, असे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिले. पीडितास अपिलासह प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

या दीर्घ वाटचालीत कायद्याची दृष्टी बालकाच्या मालमत्तेकडून बालकाच्या व्यक्तित्वाकडे वळलेली दिसते. पालकाची नेमणूक आज सामान्यतः होते. परंतु त्याचे हित बालकाच्या हिताशी जुळते की नाही, हे अपील दाखल होताना पुन्हा तपासणे व न जुळल्यास स्वतंत्र वकील देणे हे न्यायालयाचे काम आहे. पालकाची चूक बालक सज्ञान होईपर्यंत पुष्कळदा उघडकीस येत नाही, आणि तोवर अपिलाची मुदत संपून गेलेली असते.