बालवयातील मानसिक आघात आणि शासकीय आधार

घरातील मृत्यू, हिंसाचार, अत्याचार, महापूर अथवा आईवडिलांपासून झालेली ताटातूट यांचा आघात लहान बालकाला शब्दांत सांगता येत नाही. तो वागण्यातून प्रकट होतो. झोपेत दचकून उठणे, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतणे, बोलणे खुंटणे, तोच प्रसंग पुनःपुन्हा खेळणे ही त्याची लक्षणे होत. ‘लहान आहे, विसरून जाईल’ हा समज घातक आहे.

कोवळ्या वयातील वंचना किती खोल जाते, हे रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. संस्थांतील १३६ बालकांपैकी निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी जी दोन वर्षांची होण्यापूर्वी कुटुंबात आली, त्यांच्या बुद्धीची वाढ व मायेचे बंध अधिक सुधारले. स्थिर, प्रेमळ माणसाचा सहवास हाच पहिला उपचार होय.

आपल्या देशातील बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बालकाला संस्थेत ठेवणे हा अखेरचा पर्याय आहे. निराधार अथवा छळ झालेल्या बालकाला, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावे लागते. समिती त्याच्या निवाऱ्याचा व पुनर्वसनाचा निर्णय घेते.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी पोक्सो कायदा, २०१२ लागू होतो. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घेतला जातो. पोलीस अधिकाऱ्याने त्या वेळी गणवेश घालावयाचा नसतो. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळविणे बंधनकारक आहे. घराण्याच्या अब्रूसाठी मौन पाळणे हा बालकावर दुसरा अन्याय ठरतो.

संकटातील बालकांसाठीची १०९८ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. २०२३ पासून ती शासनामार्फत चालविली जाते. मानसिक समुपदेशनासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाड्यांत व शाळांत बालकांची तपासणी होते. विकासात मागे पडलेल्या बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते.

शासनाचा हात पोहोचेपर्यंत मोठ्यांनी काय करावे? जेवणाखाणाच्या व झोपेच्या वेळा नेमाने सांभाळाव्यात. घडलेला प्रसंग येणाऱ्याजाणाऱ्यापुढे सांगावयास लावू नये. मूल आपणहून बोलले, तर शांतपणे ऐकावे आणि ‘यात तुझा काही दोष नाही’ असे त्याला निःसंदिग्धपणे सांगावे.