बर्फावर मेण कशाला?

गुलमर्गला पहिल्यांदा पायात स्की चढवली, तेव्हा मला एक प्रश्न पडला होता. बर्फ मुळातच निसरडा. मग रोज संध्याकाळी मेण आणि इस्त्री घेऊन बसायचं कशासाठी? आज त्या मेणाची गोष्ट.

नॉर्वेत पूर्वी लाकडी स्कीला पाइनचं डांबर चोपडत. लाकडात पाणी मुरू नये, हा त्यातला मुख्य हेतू. वेगाचं वेड दिसतं ते अमेरिकेत. १८६०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात सोन्याच्या खाणींवरचे लोक हिवाळ्यात लांबलचक स्कीवरून थेट उतारावर शर्यती लावत. तळाला ते 'डोप' नावाचं मिश्रण फासत. त्यात स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं मेण, पाइनचा चीक, कापूर असं काय काय असे, आणि ज्याची त्याची कृती गुप्त!

हे मेण काम कसं करतं? १९३९ मध्ये बाउडेन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की घसरताना घर्षणाच्या उष्णतेनं बर्फ किंचित वितळतो आणि स्की त्या पाण्याच्या पातळ थरावरून जाते. थर कमी पडला तर तळ खरवडतो, जास्त झाला तर चिकटतो. म्हणून कडाक्याच्या थंडीतल्या टोकदार हिमकणांना कठीण मेण, ओल्या बर्फाला मऊ. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या 'स्विक्स'नं हे ज्ञान रंगांत बसवलं: जास्त थंडीला हिरवं, मग निळं, शून्याच्या आसपास लाल. गुप्त कृतीच्या जागी थर्मामीटर आला.

पुढे स्कीचे तळ पॉलिथिलीनचे झाले, पण शिस्त तीच राहिली. आधी सफाई. मऊ मेण इस्त्रीनं वितळवून लावायचं आणि कोमट असतानाच पट्टीनं खरवडायचं. मळ त्याच्याबरोबर निघून येतो. मग त्या दिवसाचं मेण लावायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा खरवडायचं, ब्रश मारायचा. नवशिक्याला वाटतं, जाड थर म्हणजे जास्त वेग. प्रत्यक्षात वरचं जवळजवळ सगळं मेण काढून टाकल्यावरच स्की पळते.

१९८०च्या दशकात फ्लोरिनयुक्त मेणं आली. ओल्या बर्फावर त्यांना तोड नव्हती. पण ही रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं विघटित होत नाहीत. शिवाय बंद खोलीत तापलेल्या इस्त्रीखालचा धूर घेणाऱ्या मेण-तंत्रज्ञांच्या रक्तातही ती सामान्य माणसापेक्षा कितीतरी पटींनी जास्त सापडली. पदक खेळाडूच्या गळ्यात, धूर मात्र त्याच्या मदतनिसाच्या छातीत! आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०१९ मध्ये बंदी जाहीर केली, पण तपासणीची भरवशाची पद्धत हाती येऊन ती पूर्णपणे लागू व्हायला २०२३-२४चा हंगाम उजाडला. जुन्या मेणाचा अंशही आता महागात पडू शकतो. म्हणजे सफाईचं मोल आणखी वाढलं.

फौजेत आम्ही नेहमी म्हणतो, पुढे लढणाऱ्याइतकीच मागे राबणाऱ्याची काळजी घ्या. स्कीच्या जगाला हे कळायला जवळपास चाळीस वर्षं लागली. पुढच्या वेळी टीव्हीवर एखादा खेळाडू उतारावरून सुसाट खाली येताना दिसला, तर आदल्या रात्री इस्त्री घेऊन बसलेल्या त्या माणसाचीही आठवण ठेवा. जय हिंद.